उजव्या बाजूचा पत्रा

रजईकाकांना 'रजई' हे नाव बॉयलरघरातल्या लोकांनी दिलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं. एकतीस वर्षं हा माणूस एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात वाफेच्या नळांना पांघरुणं घालत होता. धुलाईघराकडे जाणारे नळ, स्वयंपाकघराकडे जाणारे नळ, ऑपरेशनची हत्यारं उकळतात तिकडचे नळ. आधी काचलोकर, मग कापड, मग तार, वरून पांढरा लेप. काम झालं की मुकादम यायचा आणि नळावर सरळ तळवा टेकवायचा. दहा मोजेपर्यंत हात टिकला तर काम पास. चटका बसला तर सगळं सोडा आणि पुन्हा गुंडाळा. काकांचं काम एकतीस वर्षांत तीनदा सोडावं लागलं, आणि तिन्ही वेळा मुकादमाचा हातच नाजूक होता असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

असा माणूस निवृत्त झाल्यावर घरात बसून काय करणार? बायकोच्या डोक्यावर मिरे वाटणार. चार महिने वाटले. गरम पाण्याच्या टाकीला पांघरूण, न्हाणीघरातल्या नळाला पांघरूण, खिडकीच्या फटीत दाबलेल्या लोकरीचा नमदा. चहाच्या किटलीलासुद्धा नमद्याचा डगला शिवला. बायको शेजारणीला म्हणाली, "मी आता एका जागी फार वेळ उभी राहायलाही घाबरते."

बायकोही त्याच हॉस्पिटलातली. तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये तेवीस वर्षं कॉफीच्या यंत्रामागे उभी. मोठ्या डॉक्टरांपासून रडून रडून डोळे सुजलेल्या नातेवाइकांपर्यंत सगळे तिला कॉफीताई म्हणायचे. आपण काकूच म्हणू. ती निवृत्त झाली त्याच वर्षी ठेकेदार बदलला, नव्याने बटणं दाबायची यंत्रं आणली, आणि जुनं यंत्र गेलं भंगारात.

तिथेच ते काकांना दिसलं. गेले होते नळाचा एक तुकडा शोधायला. कोपऱ्यात, मोडक्या खाटांच्या ढिगाखाली, तेच! पितळी दांड्याची मूठ, पुढचं जाडजूड लोखंडी डोकं, उजव्या बाजूचा पत्रा गायब. तेवीस वर्षांत या बाईने लाखो कप भरले असतील, पण स्वतः एक कप बसून प्यायली नाही. कँटीनमध्ये काउंटरमागे खुर्चीच नव्हती. जे काय दोन घोट घ्यायची ते उभ्याने, गिऱ्हाइकाकडे बघत. काकांनी तिथल्या तिथे ठरवलं: हे यंत्र घरी न्यायचं, नीट करायचं, आणि तिला खुर्चीवर बसवून तिच्याच यंत्राची एक कप कॉफी आपल्या हाताने द्यायची. जन्मात बायकोसाठी एक तरी काम धड करायचं. बस, एवढंच.

एवढंच म्हणे! मेहुण्याची गाडी मागवली. दोघांनी ते धूड जिने चढवून वर आणलं. दुसऱ्या मजल्यावर मेहुणा खाली बसला आणि म्हणाला, "भावजी, ताईला कॉफी पाजायची तर हॉटेलात न्या की. जिवंत तरी राहू." शेवटी जेवायच्या टेबलावर, भिंतीच्या कोपऱ्यात, ते यंत्र बसलं. डावीकडे भिंत, म्हणून कप ठेवायची जागा उजवीकडे.

काकू पिशव्या घेऊन बाहेरून आली आणि दारातच थबकली.

"ओळख बघू!" काका म्हणाले. चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा.

ओळखायचं काय त्यात? ती सावकाश टेबलाला वळसा घालून उजव्या बाजूला आली. "पत्रा अजून नाहीच लावला," एवढंच म्हणाली. पिशव्या तिथेच खाली ठेवल्या, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"खूश झाली वाटतं," मेहुणा म्हणाला आणि पाणी न पिता पळाला.

संध्याकाळी जेवताना काकूने निकाल दिला. "या महिन्याच्या शेवटच्या रविवारी भंगारवाला येतो. तोपर्यंत टेबल मोकळं पाहिजे. नाहीतर मी ते त्याच्या हवाली करणार. तुम्ही घरी असा नाहीतर नसा."

"अगं, तुझंच यंत्र आहे ते!"

"माझं कधी झालं?" ती म्हणाली आणि ताट उचलून गेली.

काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माणूस जिवाचं रान करून काही आणतो आणि घरात कौतुकाचा एक शब्द नाही! नसू दे. चालू करूनच दाखवतो. तीन आठवडे हातात होते आणि गुंडाळण्यात तर आपला हात धरणारा कोणी नाही. पण गुंडाळायची वेळ यायला आधी ते चालू व्हायला हवं ना! तिथेच घोडं अडलं.

पहिला आठवडा गंजात गेला. वरचं झाकण चार स्क्रूंवर होतं. तीन निघाले. चौथ्याने तेल प्यायलं, मार खाल्ला, शिव्या खाल्ल्या आणि शेवटी मान टाकली ती आतच. त्याला पोखरून काढताना ड्रिल निसटलं आणि काकांनी टेबलालाही एक भोक पाडलं. ते त्यांनी मीठदाणीखाली झाकलं. काकूला ते त्याच संध्याकाळी दिसलं. मीठ घेतलं आणि मीठदाणी पुन्हा बरोबर त्या भोकावर ठेवली.

आत बघावं तर बॉयलरच्या पोटात चुन्याचे थर. लिंबूसत्वाचं पाणी भरलं. घरभर असा आंबट वास सुटला की शेजारीण लोणचं घातलंत का विचारायला आली. पहिलं पाणी काढलं, गढूळ. दुसरं काढलं, गढूळ. तिसऱ्या वेळी सुटलेले चुन्याचे खडे जाऊन बारीक नळीत बसले आणि पाणी यायचंच बंद झालं. काकांनी कपाळाला हात लावला. नळी सोडली, तारेने कोरली, फुंकली. खडा सुटला तो थेट त्यांच्या तोंडात.

दुसरा आठवडा गॅस्केटने खाल्ला. कॉफीची मूठ ज्या डोक्यात अडकते तिथे रबराची एक कडी असते. जुनी कडी दगडासारखी झालेली, तिचे काढतानाच तुकडे झाले. सुटे भाग विकणारा दुकानदार काउंटरवर कोपर टेकून म्हणाला, "मॉडेल कुठलं?"

"पाटी पडलीय."

"मग जुनी कडी दाखवा."

काकांनी कागदाच्या पुडीतून नऊ तुकडे काढून मांडले. दुकानदार त्या तुकड्यांकडे बघत राहिला. "काका, मी सुटे भाग विकतो. इतके सुटे नाही."

अंदाजाने नेलेली पहिली कडी पातळ निघाली, पाणी चारी बाजूंनी गळलं. दुसरी जाड होती, पण घेर चुकला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा दुकानदाराने त्यांना लांबून पाहूनच मान हलवली. काका तसेच परत फिरले. घरी येऊन पातळ कडीखाली जाड कागदाची एक चकती कापून बसवली, आणि गळती थांबली. दुकानाच्या तीन फेऱ्या आणि इलाज घरातल्या वहीच्या पुठ्ठ्यात! आनंद व्हायच्या ऐवजी त्यांना आणखीच राग आला.

मग एका सकाळी वीज जोडली. बटण दाबलं. फट् असा आवाज झाला आणि सगळं घर बंद. कपडे धुवायचं मशीनही बंद, आत पाणी आणि आठवड्याचे कपडे. काकू येऊन त्या मशीनच्या काचेसमोर स्टुलावर बसली आणि आतल्या तरंगत्या कपड्यांकडे बघत राहिली. तासभर.

"बोल ना काहीतरी!" काका शेवटी ओरडले. "शिव्या दे! हे असं तोंड शिवून बसू नकोस!"

"मी काय बोलू?" काकू काचेकडेच बघत म्हणाली. "मशीन तुमच्या खात्यातलं. तुम्ही बघा."

काकांना वाटलं, टोमणा आहे. टोमणाच होता, पण कसला ते त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते यंत्रातल्या हीटरची ओल धरलेली दांडी वाळवायला गच्चीवर निघून गेले.

शेवटच्या आठवड्यात, बुधवारी, यंत्र चालू झालं. लाल दिवा लागला, बॉयलर गुरगुरला, काटा हळूहळू वर सरकला आणि बरोबर जागेवर थांबला. काकांना भरून आलं. त्यांनी कॉफी भरली, दाबली, मूठ फिरवून घट्ट केली. आणि उजवीकडच्या कपासाठी हात लांब केला.

"आई गं!"

पत्रा नव्हताच त्या बाजूला. उघडा, सणसणीत तापलेला तांब्याचा बॉयलर, आणि त्याला टेकला मनगट आणि कोपर यांच्या मधला हात. कप पडला, फुटला, हिसक्याने भरलेली मूठ सुटून खाली आली आणि कॉफी जमिनीभर.

काकू कुठून आली कळलं नाही. तिने त्यांचं मनगट पकडलं, ओढत नळाखाली नेलं आणि पाणी सोडलं. सगळं इतक्या सरावाने की आधी बटण बंद करायलाही ती विसरली नाही.

"वीस मिनिटं," ती म्हणाली. "हात हलवायचा नाही. घड्याळ बघा."

वीस मिनिटं म्हणजे फार. राग ओसरतो आणि डोळ्यांना काम उरत नाही. काकांच्या हातावर लाल पट्टा उठला होता. त्यांचा हात धरून ठेवणारा तिचा हात त्याच्या शेजारीच होता, आणि त्यावर अगदी त्याच जागी तीन जुने पट्टे होते, फिकट, चकचकीत, एकाखाली एक. ते डाग काकांनी हजारदा पाहिले होते. कामाचे डाग. स्वयंपाकात, इस्त्रीत, कशातही पडतात तसले. आता त्यांनी पहिल्यांदा त्यांची जागा पाहिली.

"तुझे हे..." ते म्हणाले.

"कप उजवीकडेच असायचे."

"मग बोलली नाहीस कधी? मी खालीच होतो! दोनशे पावलांवर! एका दुपारचं काम होतं ते माझ्यासाठी!"

काकूने नळ थोडा बारीक केला. "बोलले होते. दुसऱ्याच वर्षी. पहिला डाग ताजा होता तेव्हा. तुमच्या बॉयलरघरात आले होते, जेवणाच्या सुट्टीत. तुम्ही सगळे डबे खात होतात. मी म्हटलं, त्या उघड्या बाजूला थोडं गुंडाळून द्या. तुम्ही म्हणालात, कँटीन ठेकेदाराचं आहे, आमच्या खात्यात येत नाही, अर्ज दे. सगळे हसले. तुम्हीही."

काकांना काही आठवलं नाही. आठवेना याचीच त्यांना लाज वाटली. असं ते रोज कोणा ना कोणाला सांगत. वॉर्डातली नर्स आली, धोबी आला, सगळ्यांना एकच उत्तर. आमच्या खात्यात येत नाही. बॉयलरघराची ती रीतच होती, आणि ते वाक्य बोलताना त्यांना नेहमी थोडं बरं वाटायचं.

"मग अर्ज?" त्यांनी बावळटासारखं विचारलं.

"दिला की. वरच्या ऑफिसात. अजून असेल तिथेच," काकू म्हणाली. "झाली वीस मिनिटं." आणि हात पुसून निघून गेली.

गुरुवारी सकाळपासून काका कामाला लागले. मेहुण्याने फोन केला तर 'नंतर' म्हणून ठेवून दिला. बॉयलरला नमद्याचे दोन थर दिले, सांध्यावर सांधा येणार नाही असे. वर चंदेरी पट्टी, वर तार. जुन्या कपाटाच्या दाराचा पत्रा कापून उजव्या बाजूला बसवला, त्याच्या कडा कानशीने इतक्या घासल्या की तान्ह्या पोराने हात फिरवावा. पत्र्याच्या आतूनही नमदा. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशरचा स्विच तेवढे मोकळे ठेवले, ते भान होतं. पण बाकी काही सोडलं नाही. वाफेची नळी गुंडाळली. आत जाणारे नळ गुंडाळले. आणि शेवटी, शनिवारी, पुढचं ते लोखंडी डोकंही गुंडाळलं, कारण ते तर सगळ्यात उघडं आणि सगळ्यात तापणारं. दुखऱ्या हाताने, दात ओठ खात. कुठेही, कधीही, या यंत्राने तिला पुन्हा शिवायचं नाही. रात्री झोपताना यंत्र एखाद्या हिवाळ्यात जन्मलेल्या बाळासारखं दिसत होतं.

रविवारी सकाळी यंत्र तापवलं. काकांनी जागोजागी तळवा टेकवून दहा दहा आकडे मोजले. उजवी बाजू पास. मागची पास. डोकं पास. मुकादमाने पाहायला हवं होतं!

मग कॉफी केली. डोक्यातून पाण्याऐवजी फस्स करून वाफ आली, कॉफी थुंकल्यासारखी कपात पडली, आणि चाखली तर जळका कोळसा. दुसरा कप, तसाच. दळण जाड केलं, तिसरा कप, तसाच. प्रेशर कमी केलं, कॉफी बदलली, पाणी बदललं. सहावा कप त्यांनी मोरीत ओतला आणि पाना असा आपटला की मीठदाणी आडवी झाली आणि टेबलाचं भोक उघडं पडलं. तीन आठवडे! कडी नवी, पोट स्वच्छ, काटा जागेवर, आणि कॉफी ही अशी! एवढी साधी गोष्ट, एक कप, तोसुद्धा आपल्याला जमू नये?

तेवढ्यात बेल वाजली. भंगारवाला.

काकांनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "घेऊन जा," ते म्हणाले. "ने बाबा. माझ्याच्याने होत नाही."

"थांब रे जरा," आतून काकू म्हणाली.

ती पदराला हात पुसत आली. कपांच्या त्या रांगेचा वास घेतला, एक नजर यंत्रावर टाकली आणि सरळ डोक्यावरची तार सोडायला लागली.

"अगं, अगं! ते कशाला? तेच तर सगळ्यात जास्त तापतं! उघडं ठेवलं तर उष्णता वाया जाते!"

"जायलाच हवी. पाणी आतून उकळत येतं, ते इथे थोडं निवतं, म्हणून कॉफी जळत नाही. उन्हाळ्यात तर मी याच्या डोक्यावर ओलं फडकं टाकायचे." तिने नमदा उलगडला आणि काकांच्या हातात दिला. "सगळंच काय गुंडाळत सुटायचं!"

एकतीस वर्षं वाफेत काढलेला माणूस नमदा छातीशी धरून उभा राहिला. चीड आली, ती स्वतःचीच. भंगारवाला दारात उकिडवा बसला. पाव तास डोकं निवू दिलं. मग काकूने थोडं गरम पाणी आधी वाहू दिलं, मान तिरकी करून आवाज ऐकला आणि म्हणाली, "आता करा."

"मी?"

"मग कोण? बसवून द्यायची होती ना मला? मेहुण्याने सांगितलं तुमच्या."

काकांनी केली. कॉफी बारीक धारेने, मधासारखी उतरली. पहिला कप काकूने भंगारवाल्याला दिला, कारण पहिला कप ती नेहमी कोणाला तरी देऊन टाकायची. त्याने एका दमात संपवला, "बरी आहे" म्हणाला आणि पोतं खांद्यावर टाकून दुसऱ्या दाराला गेला. दुसरा कप काकांनी भरला. खुर्ची ओढून दिली. काकू बसली.

साखर उजवीकडे होती. तिने हात लांब केला, आणि काकांनी पाहिलं: कोपर वर उचलून, हात लांबून वळवून, अंग चोरून तिने साखर घेतली. तिथे आता भाजण्यासारखं काही नव्हतं. तिच्या हाताला ते माहीत नव्हतं.

"टेकव," काका म्हणाले. "नाही भाजत. बघ." त्यांनी स्वतःचा तळवा पत्र्यावर ठेवला आणि दहा मोजून दाखवले, मोठ्याने.

काकूने कप खाली ठेवला. हात पुढे केला, मधेच थांबला, मग डागांची बाजू तिने त्या पत्र्यावर हलकेच टेकवली. काका मनात मोजत होते. दहा झाले, पंधरा झाले. तिने हात काढला नाही.

"चांगलं झालंय काम," ती म्हणाली. "तेव्हाही चांगलंच झालं असतं."

काका "हो" म्हणाले.